क्लिनिकल लॉगबुक मोबाइलवर: वॉर्डात वापरलेल्या एका ॲपचे परीक्षण

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी क्लिनिकल पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम करत शिकण्याच्या काळात, रोज काय केले, याची नोंद वहीऐवजी मोबाइलवर ठेवणारे एक ॲप आमच्या महाविद्यालयाने गेल्या शैक्षणिक वर्षी घेतले. मी पुण्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवणारी ट्यूटर आहे. मेडिकल, सर्जिकल आणि प्रसूती वॉर्ड, अतिदक्षता विभाग, तसेच ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य परिचर्येची पोस्टिंग अशा सगळ्या ठिकाणी माझ्या गटाने हे ॲप वापरले आहे. कंपनी प्रत्येक महाविद्यालयाच्या मागणीनुसार त्यात फेरफार करून देते, त्यामुळे त्याच नावाच्या ॲपमध्ये दुसरीकडे वेगळ्याच सोयी दिसू शकतात. म्हणून नाव न घेता, त्याचा कोणता भाग वॉर्डात टिकला आणि कोणता टिकला नाही, हे सविस्तर लिहिते. असे एखादे ॲप घेण्याच्या विचारात असलेल्या महाविद्यालयांना आणि त्यासाठी फी भरणाऱ्या पालकांना त्याचा उपयोग व्हावा.

ॲपकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठरवायचे, तर लॉगबुक मुळात कशासाठी असते ते आधी पाहायला हवे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१-२२ पासून लागू केलेल्या सुधारित अभ्यासक्रमात आठ सेमिस्टर आहेत. थिअरीच्या एका क्रेडिटला २० तास लागतात, तर क्लिनिकलच्या एका क्रेडिटला ८० तास. अभ्यासक्रमातील या मोठ्या वाट्याचा हिशेब लॉगबुकमध्ये राहतो. प्रत्येक कौशल्यापुढे सही केव्हा करायची, याबद्दल परिषदेची सूचनाही स्पष्ट आहे. विद्यार्थ्याला देखरेख असूनही ते काम जमत नसेल तर पहिली पातळी, देखरेखीखाली जमत असेल तर दुसरी आणि देखरेखीशिवाय जमू लागले की तिसरी. आणि सही करायची ती तिसऱ्या पातळीवर पोचल्यावरच. नियम उत्तम आहे, पण वहीच्या काळात तो पाळणे फार अवघड जात असे. सेमिस्टर संपत आले की जर्नलांचे गठ्ठे ट्यूटरच्या टेबलावर येत, पोस्टिंग संपलेल्या वॉर्डांच्या इन्चार्ज सिस्टरांना गाठण्यासाठी विद्यार्थी धावपळ करत आणि दोन महिन्यांपूर्वीच्या ड्रेसिंगची सही आज घेतली जाई. ते ड्रेसिंग कसे झाले होते, हे तोपर्यंत कोणालाच नीट आठवत नसे.

या एका बाबतीत ॲपने वॉर्डातली सवयच बदलली आणि त्याचे श्रेय त्याला मनापासून द्यायला हवे. विद्यार्थ्याने प्रोसिजर केली, हात धुतले, की नर्सिंग स्टेशनजवळ येऊन तो यादीतले कौशल्य निवडतो, वॉर्ड आणि पाळी भरतो आणि नोंद माझ्याकडे किंवा प्रिसेप्टर सिस्टरांकडे, म्हणजे वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या अनुभवी परिचारिकांकडे, पाठवतो. आम्ही आमचा पिन घालून ती मंजूर करतो किंवा शेरा लिहून परत पाठवतो. पाळी संपल्यानंतर ठरावीक तासांत मंजुरी मिळाली नाही, तर नोंद आपोआप रद्द होते. सुरुवातीला ही अट आम्हा सर्वांना जाचक वाटली, परंतु सगळ्या बदलाचे मूळ तीच आहे. सही आजच मिळवायची असल्याने विद्यार्थी आता प्रोसिजर सुरू करण्यापूर्वीच बोलावतो, “मॅडम, सहा नंबरला रायल्स ट्यूब फीड द्यायचंय, येता का?” आणि मला कॉटजवळ जावेच लागते.

नाकातून जठरापर्यंत घातलेल्या रायल्स ट्यूबमधून पातळ अन्न देण्याच्या अशाच एका फीडच्या वेळी तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने डोक्याकडची बाजू उंच केली, ट्यूब जागेवर असल्याची खात्री केली, फीड देऊन झाल्यावर पाणी घालून ट्यूब स्वच्छही केली. मात्र लगेच रुग्णाला आडवे करायला ती मागे वळली. मी तिला थांबवले आणि शेऱ्यात लिहिले की फीडनंतर किमान अर्धा तास रुग्णाला तसेच बसते ठेवावे, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पुढच्या आठवड्यात तिची पोस्टिंग न्यूरो वॉर्डात लागली. तेथील प्रिसेप्टर सिस्टरांनी तिची नोंद उघडून तो शेरा वाचला आणि पहिल्याच फीडच्या वेळी नेमके तेवढेच तपासले. कागदी जर्नलमध्ये माझा शेरा माझ्या वॉर्डापुरता राहिला असता. दोन वॉर्डांतल्या दोन शिक्षकांना एकाच विद्यार्थिनीबद्दल, न भेटताही, एकमेकींशी बोलता येणे ही या ॲपची सर्वांत मोठी देणगी आहे, असे मी म्हणेन.

ट्यूटरसाठी असलेला तक्ताही कामाचा आहे. गटातील कोणाचे कोणते कौशल्य अद्याप झालेले नाही, हे एका पडद्यावर दिसते. ऑर्थो म्हणजे अस्थिरोग वॉर्डात तीन आठवडे ड्रेसिंग आणि ट्रॅक्शनची (वजन लावून हाड ताणून ठेवण्याची) काळजी शिकलेल्या विद्यार्थ्याने एकदाही रक्त चढवताना रुग्णावर लक्ष ठेवलेले नाही, हे पूर्वी परीक्षेच्या तोंडावर लक्षात येत असे. आता ते पोस्टिंग चालू असतानाच कळते, आणि वॉर्डच्या सिस्टरांशी बोलून त्याला त्या दिवशी मेडिकल वॉर्डात पाठवता येते. विशेषतः प्रसूती विभागात, जिथे एकाच वेळी दोन-तीन महाविद्यालयांचे विद्यार्थी असतात आणि संधी मोजक्या, तिथे पुढे कोणाला उभे करायचे हे न्यायाने ठरवायला या तक्त्याची फार मदत झाली. बुजरी मुले मागे राहतात आणि धीट मुले प्रत्येक वेळी पुढे येतात, ही वॉर्डातली जुनी तक्रार त्यामुळे बरीच कमी झाली.

आता याच ॲपमधल्या ज्या गोष्टीने मी सर्वाधिक अस्वस्थ आहे, तिच्याकडे येते. परिषदेला पातळी हवी आहे आणि ॲप मोजते ते खेपा. प्रत्येक कौशल्यासमोर एक ठरावीक आकडा आहे. तेवढ्या मंजूर नोंदी झाल्या की त्या ओळीवर हिरवी खूण येते आणि कौशल्य ‘पूर्ण’ म्हणून वरच्या टक्केवारीत धरले जाते. पातळीचा रकाना आहे, पण तो दुसऱ्या पडद्यावर, आणि सुरुवातीला तर न भरताही पुढे जाता येत असे. याचा परिणाम विद्यार्थ्यांच्या बोलण्यात लगेच दिसू लागला. “माझं कॅथेटर केअर झालं, मला आता सक्शन हवंय,” असे वाक्य मी वॉर्डात वारंवार ऐकते (कॅथेटर केअर म्हणजे लघवीच्या नळीची काळजी, सक्शन म्हणजे श्वासमार्गातला कफ यंत्राने ओढून काढणे), आणि ज्या मुलीचे कॅथेटर केअर ‘झाले’ आहे तिला युरीन बॅग मूत्राशयाच्या पातळीच्या खाली का ठेवायची, हे विचारल्यावर उत्तर येत नाही. शंभर टक्क्यांकडे धावणारी पट्टी समोर असताना एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी तिच्यामागे धावू नये, अशी अपेक्षा करणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. दोष ती पट्टी तशी बनवणाऱ्यांचा आहे. एखाद्याला जे काम तिसऱ्या खेपेला उत्तम जमते, ते दुसऱ्याला दहाव्या खेपेलाही जमत नाही, आणि त्या दहाव्या खेपेला शिकवणाऱ्याने शेजारी उभे राहायचे असते, म्हणूनच तर लॉगबुक आहे.

आम्ही कंपनीकडे दोन मागण्या केल्या. पातळी भरल्याशिवाय मंजुरीच होऊ नये, ही पहिली. आणि हिरवी खूण केवळ तिसऱ्या पातळीवर यावी, ही दुसरी. पहिली त्यांनी मान्य केली आणि पुढच्या अपडेटमध्ये तसा बदल आला. दुसरीबाबत, इतर महाविद्यालयांना आकडेच हवे असतात, असे उत्तर मिळाले. तोवर आम्ही आमच्यापुरता तोडगा काढला आहे. आठवड्याच्या आढाव्यात टक्केवारीचा पडदा आम्ही उघडतच नाही, केवळ दुसऱ्या पातळीवर अडकलेल्या नोंदी चाळतो. हे ॲप घेणाऱ्या महाविद्यालयाने करारावर सही करण्यापूर्वीच ही गोष्ट लिहून घ्यावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

ॲपमध्ये औषधांची माहिती आणि मात्रेचे कॅल्क्युलेटरही दिलेले आहेत, आणि या भागाबद्दल मला सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. सलाईनच्या थेंबांचे कॅल्क्युलेटर विचारपूर्वक केलेले आहे. ५०० मिली द्रव चार तासांत द्यायचा असेल, तर २० थेंबांना एक मिली असलेल्या सेटवर मिनिटाला सुमारे ४२ थेंब येतात, १५ थेंबांच्या सेटवर सुमारे ३१ आणि ६० थेंबांच्या मायक्रोड्रिप सेटवर १२५. सेट बदलला की उत्तर इतके बदलते, म्हणून हे कॅल्क्युलेटर आधी सेटच्या वेष्टनावर छापलेला आकडा विचारते आणि तो भरल्याखेरीज उत्तर देत नाही. वॉर्डातल्या विद्यार्थ्याला जे पाहायला हवे, तेच ते त्याला पाहायला लावते.

इन्सुलिनचे कॅल्क्युलेटर मात्र परदेशी माहितीवरून जसेच्या तसे उचललेले दिसते. प्रत्येक मिलीत १०० युनिट असतात, असे ते न विचारताच धरून चालते. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीच्या व्हायल सर्रास वापरात आहेत, १०० च्याही आहेत, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात; यू-४० ची टोपी लाल, यू-१०० ची नारिंगी. २० युनिटची ऑर्डर असताना हे ॲप ०.२ मिली असे उत्तर देते. हातात ४० ची व्हायल असेल तर तेवढ्या द्रवात आठच युनिट येतात. हवे असतात ०.५ मिली. आणि कोणी १०० ची व्हायल घेऊन यू-४० सिरिंजच्या २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर २० ऐवजी ५० युनिट शरीरात जातील. हा फरक रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. पुण्यासारख्या शहरात, जिथे एकाच पोस्टिंगच्या काळात विद्यार्थी खासगी रुग्णालयातली इन्सुलिन पेन आणि सरकारी रुग्णालयातली व्हायल दोन्ही हाताळतो, तिथे असे कॅल्क्युलेटर विद्यार्थ्याच्या हातात देणे मला मान्य नाही. आम्ही ते आमच्या आवृत्तीतून बंद करून घेतले. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्या सिस्टरांकडून तपासून घ्यायचे, आणि मगच इन्सुलिन भरायचे, ही वॉर्डातली जुनी पद्धत आमच्या गटात कायम आहे. औषधांच्या माहितीतही काही नावे अमेरिकी वापरातली आहेत, त्यामुळे ॲड्रिनलिन शोधणाऱ्याला ते एपिनेफ्रिन म्हणून सापडते. नवख्याला आणीबाणीच्या वेळी हे महागात पडेल.

मोबाइल वॉर्डात आणायचा की नाही, हा प्रश्न ॲपच्या गुणदोषांइतकाच महत्त्वाचा आहे. रुग्णाच्या नातेवाइकांना पडद्यावर काय चालले आहे हे कळत नाही. त्यांना दिसते ते इतकेच की आपला माणूस कण्हतो आहे आणि गणवेशातली मुलगी फोनमध्ये बघते आहे. त्यांचा राग मला रास्त वाटतो. जंतुसंसर्गाचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर जाताना हात धुतले आणि मध्येच खिशातला फोन हाताळला, तर त्या हात धुण्याला काही अर्थ राहत नाही. म्हणून इन्चार्ज सिस्टरांशी बोलून आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या. कॉटपाशी फोन काढायचा नाही, नोंद करायची ती नर्सिंग स्टेशनच्या एका ठरलेल्या टेबलापाशी उभे राहून. फोनचे कव्हर साधे, पुसता येईल असे असावे. पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी तो ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पुसणीने पुसावा, आणि फोन हाताळल्यानंतर रुग्णाकडे जाण्यापूर्वी हात पुन्हा निर्जंतुक करावेत. वॉर्डातल्या मावशी आणि मामांनाही आम्ही हे सांगून ठेवले, कारण विद्यार्थी कुठे उभे राहून काय करत आहेत, हे सर्वांत आधी त्यांना दिसते. ॲपमध्ये नोंद पाठवण्याआधी ‘हात धुतले का’ एवढा साधा प्रश्न टाकता आला असता, तो नाही.

गोपनीयतेच्या बाबतीत ॲपचा पाया बरा आहे. रुग्णाचे नाव लिहायला जागाच नाही, वय, लिंग आणि निदान एवढेच भरता येते. परंतु नोंदीला छायाचित्र जोडण्याची सोय सुरुवातीपासून चालू ठेवलेली होती. बेडसोअरची किंवा जखमेची छायाचित्रे केस प्रेझेंटेशनसाठी मोबाइलवर घेऊन व्हॉट्सॲपच्या गटात टाकण्याची सवय विद्यार्थ्यांमध्ये आधीच आहे, आणि या सोयीमुळे तिला मान्यता मिळाल्यासारखे होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. मानसिक आरोग्य पोस्टिंगच्या बाबतीत तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा स्पष्ट हक्क देतो. कायदे बाजूला ठेवले तरी, ग्लानीत असलेल्या माणसाच्या उघड्या पाठीचे चित्र त्याला न विचारता कोणाच्या फोनमध्ये का असावे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही शिक्षकाला देता येणार नाही. आम्ही कॅमेऱ्याची परवानगी बंद करून घेतली आहे आणि मानसिक आरोग्य पोस्टिंगच्या काळात फोन वॉर्डाबाहेरच ठेवायला लावतो. त्या दिवसांची नोंद विद्यार्थी बाहेर आल्यावर करतात.

नेटवर्कचा अनुभव संमिश्र आहे. जाड भिंतींच्या जुन्या इमारतींत आणि तळघरातल्या विभागांत सिग्नल जातो, मुळशी आणि भोरकडच्या गावांत गृहभेटींना गेल्यावर तर तासन्तास मिळत नाही. सुदैवाने नोंद फोनमध्ये साठून राहते आणि सिग्नल मिळाला की पुढे जाते; गृहभेटीच्या नोंदींसाठी हे फार सोयीचे ठरले. त्रास झाला तो हजेरीचा. ॲप जागेवरून हजेरी लावते, आणि बहुमजली इमारतीच्या आतल्या वॉर्डात उभा असलेला विद्यार्थी त्याला रस्त्यापलीकडे दिसतो. सकाळी सातच्या हँडओव्हरच्या वेळी, जेव्हा रात्रीच्या सिस्टर एकेका रुग्णाची हकिकत सांगत असतात, तेव्हा मुले फोन घेऊन खिडकीकडे जाऊन हजेरी लागते का ते पाहत असत. हँडओव्हर हा दिवसातला सर्वांत मोलाचा पाऊण तास आहे. तो असा वाया जाताना पाहून आम्ही ॲपची हजेरी सोडून दिली आणि वॉर्डाच्या रजिस्टरवर परत आलो.

प्रोसिजरचे छोटे व्हिडिओ चांगले आहेत. दुसऱ्या दिवशीच्या पोस्टिंगची तयारी विद्यार्थी रात्री हॉस्टेलवर त्यावरून करतात, आणि स्किल लॅबमध्ये एकदा पाहिलेली पायरी विसरली असेल तर ती आठवते. सगळे इंग्रजीत आहे. सोलापूर, लातूर, बीडकडून मराठी माध्यमातून शिकून आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी ते जड जाते; निदान मराठी निवेदन द्यावे.

सगळ्यांकडे चांगला फोन असतोच, हे गृहीत धरू नये. स्क्रीन फुटलेला, जागा संपलेला, दुपारपर्यंत बॅटरी उतरणारा फोन घेऊन येणारी मुले प्रत्येक वर्गात असतात आणि ती हे बोलून दाखवत नाहीत. आम्ही वॉर्डसाठी महाविद्यालयाचे काही टॅब ठेवले आहेत. ज्याला हवा त्याने कारण न सांगता घ्यावा, अशी पद्धत ठेवल्यामुळे त्यांचा वापर खरोखर होतो.

माझे मत विचाराल, तर ज्या महाविद्यालयात ट्यूटर विद्यार्थ्यांसोबत वॉर्डात प्रत्यक्ष उभे राहतात, तिथे हे ॲप घ्यावे. त्याच दिवशीची सही आणि एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जाणारा शेरा एवढ्यासाठीही ते घेण्याजोगे आहे. जिथे परिषदेने सांगितलेले दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण केवळ कागदावर आहे आणि मुले वॉर्डात सिस्टरांच्या भरवशावर सोडलेली असतात, तिथे ते घेऊ नये. तिथे नोंदी स्टाफरूममध्ये बसून मंजूर होतील, आणि हिरव्या खुणांनी भरलेला तक्ता तपासणीसाठी येणाऱ्यांना दाखवला जाईल.

पुढच्या वर्षाच्या नूतनीकरणापूर्वी आम्ही कंपनीला आणखी एक अट घातली आहे. चौथे वर्ष संपवून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या आठही सेमिस्टरच्या नोंदी, शेऱ्यांसह आणि सह्यांसह, पीडीएफमध्ये विनाशुल्क मिळाव्यात, आणि महाविद्यालयाने करार थांबवला तरी त्या मिळण्यात खंड पडू नये. सध्या खाते बंद झाले की नोंदीही दिसेनाशा होतात. कंपनीने लेखी उत्तर देण्याचे मान्य केले आहे, आणि ते हाती आल्याशिवाय नवीन बॅचची खाती उघडायची नाहीत, असे आमच्या विभागाने ठरवले आहे.